बाराव्या बंगल्याची भिंत

एखाद्या माणसाविषयी लिहायला अंगी काहीतरी अधिकार असावा लागतो. माझ्याकडे तो नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. वडील करकंबच्या बाजारात हमाली करतात. आईला सही येते, ती मी शिकवलेली. चांगलं मराठी कसं लिहावं हे मी अजून शिकतोच आहे. तेव्हा चुका होतील, त्या वाचणाऱ्यांनी पोटात घालाव्यात.

दुसरी माफी मागणं याहून अवघड आहे. आमच्या सरांनी मला सांगितलं होतं, ‘तू शीतलबाग वसाहतीत तीन वर्षं राहिलास, तर तिचा इतिहास लिहून दे.’ त्यासाठी मी वसाहतीनं पंचवीस वर्षं झाल्याबद्दल काढलेली स्मरणिका मिळवली. गुळगुळीत कागद, अध्यक्षांचे चार फोटो, बागेतल्या गुलाबांचे दोन. विहीर कुणी खणली, फाटक कुणी दिलं, पहिली गणेशपूजा कुणाच्या हातून झाली, सगळं होतं. ज्या माणसानं ती वसाहत रानात प्रत्यक्ष आखली त्याचं नाव एकाही पानावर नव्हतं. मी दोनदा पाहिलं. मग सरांकडे जाऊन म्हटलं, मला इतिहास जमणार नाही, एका माणसाविषयी लिहितो. मनात राग धरून लिहू नये म्हणतात. मी धरूनच लिहितो आहे.

शीतलबाग म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. पूर्वी सोलापुरातल्या काही वकील-डॉक्टरांना आणि गिरणीतल्या अधिकाऱ्यांना गावात राहणं नकोसं झालं होतं. वाळत घातलेल्या धोतरांवर गिरण्यांच्या चिमण्यांची काजळी पडायची आणि मागांचा खडखडाट दुपारी झोपू द्यायचा नाही. त्यांच्यातला एकजण विलायतेत जाऊन आलेला होता. तिकडे गावाबाहेर मुद्दाम आखून वसवलेली, झाडांतली घरं त्यानं पाहिली होती. मग सगळ्यांनी मिळून गावाबाहेरचं ज्वारीचं रान घेतलं आणि नियम केले. रस्त्याच्या एका अंगाला बारा बंगले, दुसऱ्या अंगाला मोकळं मैदान, आणि रस्ता संपतो तिथं सगळ्यांची मिळून एक बाग. घर जागेच्या तिसऱ्या हिश्श्यावरच बांधायचं. कुंपण मेंदीचं आणि कमरेइतकंच. प्रत्येक फाटकाशी दोन कडुलिंब, ते तोडायचे नाहीत. विहिरीचं पाणी आधी झाडांना. हे नियम एका लोखंडी पाटीवर रंगवून फाटकाजवळ लावले होते. मी तिथं राहायला गेलो तेव्हा पाटी शाबूत होती. नियम मात्र एकाच माणसाला पाठ होते.

मी गेलो तो बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी. पाच नंबरच्या बंगल्यामागं नोकरासाठी बांधलेली एक खोली होती, ती त्या बंगल्यातल्या सुमनकाकूंनी मला दिली. अट एकच होती. त्यांच्या यजमानांची, काकांची, नजर गेली होती, त्यांना रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. पहिल्याच दिवशी मी सायकल मेंदीला टेकवून उभा होतो, तर मागून आवाज आला.

“ए, कुठला तू?”

वळून पाहिलं. साठीच्या पुढचा, काळा, काटक माणूस. धोतर, वर खाकी कोट, डोक्यावर उन्हातली जुनी टोपी.

“करकंबचा.”

“करकंब ते पंढरपूर किती?”

“एसटीनं पाऊण तास लागतो.”

“वेळ विचारला का मी? अंतर विचारलं.”

“मोजलं नाही कधी.”

“मोजलं नाही?” त्यांनी मला खालून वर पाहिलं. “मग गाव तुझं कसं? आणि ती सायकल काढ. मेंदीनं तुझं काय वाकडं केलंय?”

त्या दिवसापासून माझं नाव करकंब पडलं. त्यांचं नाव शिवलिंगप्पा, पण सगळी वसाहत त्यांना मोजणीअप्पा म्हणायची. सरकारी भूमापनात त्यांनी तीस वर्षं काढली होती. आता ते बागेच्या कडेला, विहिरीच्या पंपाशेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. वसाहतीनं त्यांना ‘बागेचे सुपरवायझर’ केलं होतं. त्या पदाखाली काम करणारं दुसरं कुणीच नव्हतं.

अप्पा चालताना पावलं मोजायचे. ओठ हलत असायचे. कुणी नमस्कार केला तर नुसतं एक बोट वर करायचे, पुढं जाऊन थांबायचे आणि वळून म्हणायचे, “चारशे बारा. हं, नमस्कार.” सुमनकाकू म्हणायच्या, “अप्पांना आमच्या दारात नमस्कार केला की उत्तर सात नंबरपाशी मिळतं.” त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. चढावर, चिखलात, तापात, कधीही अडीचच. “सरकारनं मला पगार दिला तो या पावलाचा,” असं ते सांगायचे. “तीस वर्षांत एक इंच चुकलो नाही,” हे त्याच्या पुढचं वाक्य. ते मी इतक्या वेळा ऐकलं की पुढं पुढं ऐकू यायचंच बंद झालं. घरी ते कानडी बोलत आले होते, मराठी नोकरीत शिकलेले. राग आला की एकच कानडी शब्द तोंडातून निघायचा, “इल्ला!” म्हणजे नाही. तो ऐकला की बंगल्यांतली माणसं आपण आज काय केलंय ते आठवू लागायची.

कारण अप्पा काही सोडायचे नाहीत. चार नंबरच्या कामतसाहेबांनी, ते निवृत्त इंजिनिअर होते, फाटकापुढं एक छान फरशीची पायरी बांधली. ती रस्त्यात सव्वा फूट आली. अप्पांनी एकदा तोंडी सांगितलं. कामतसाहेब हसले. दुसऱ्या दिवशी बारा वाजता अप्पा भाकरीचं फडकं घेऊन आले आणि त्या पायरीवर मांडी घालून जेवायला बसले. शेंगाचटणी, कांदा, तांब्याभर पाणी, सगळं शिस्तीत. कामतसाहेब बाहेर आले.

“अहो अप्पा, इथं काय हे?”

“जेवतोय.”

“माझ्या पायरीवर?”

“तुमची पायरी फाटकाच्या आत. हा रस्ता. रस्ता सगळ्यांचा. मी सगळ्यांच्या जागेवर जेवतोय. तुम्ही पण बसा की.”

असं आठ दिवस चाललं. त्या आठवड्यात कामतसाहेबांच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. नवव्या दिवशी त्यांनी पायरी फोडून घेतली. अप्पा तिथून जाताना थांबले, मोजलं आणि म्हणाले, “आता बरोबर.” मला वाटलं होतं, जिंकल्यावर माणूस थोडा मऊ होत असेल. अप्पांच्या तोंडावर तसलं काही नव्हतं.

डॉक्टरांनी तर दारातला कडुलिंबच तोडला. पानांचा कचरा पडतो, मोटारीवर पक्षी घाण करतात, अशी त्यांची तक्रार. पुढच्या पानगळीत रोज सकाळी इतर सगळ्या बंगल्यांपुढचा पाला झाडून, टोपलीत भरून, अप्पा डॉक्टरांच्या फाटकात नेऊन ओतायचे.

“हे काय चाललंय?” डॉक्टर ओरडले.

“तुमचा वाटा,” अप्पा म्हणाले. “तुमच्या झाडाचा पडला नाही ना यंदा. वसाहतीत कमी-जास्त कुणाला नको.”

मी हे सुमनकाकूंना हसत हसत सांगितलं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “या सगळ्यांवर काढतात तो राग त्यांच्यावरचा नव्हे रे. तो बारा नंबरचा आहे.”

बारा नंबर म्हणजे बागेला लागून असलेला शेवटचा बंगला. तिथं वसाहतीचे अध्यक्ष राहायचे. मोठे वकील. त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. काकूंनी सांगितलं ते असं. वसाहत आखायची ठरली तेव्हा अप्पांनी सुट्टी काढून सगळी मोजणी स्वतः केली होती. कारण बारावी जागा त्यांना द्यायची असं ठरलं होतं. अप्पांची बायको तेव्हा होती. दोघं एका संध्याकाळी येऊन चूल कुठं, तुळस कुठं ते खडे मांडून बघून गेली होती. मोजणी संपली, हद्दीचे दगड रोवले गेले, आणि मग बैठकीत वकीलसाहेब म्हणाले, वसाहतीला एक दर्जा राहायला हवा. उद्या मोजणीवाला आला, परवा गवंडी येईल. कुणी आडवं आलं नाही. बागेशेजारची ती जागा वकीलसाहेबांनी स्वतः घेतली. अप्पांची बायको पुढं गावातल्या भाड्याच्या खोलीतच वारली. नोकरी संपल्यावर अप्पा आपण होऊन वसाहतीत आले आणि पंपाची खोली मागितली. सगळ्यांना वाटलं, म्हातारा विसरला, बरं झालं.

“विसरणारा माणूस मोजणीदार होऊ शकत नाही,” असं अप्पा एकदा मला सहज बोलता बोलता म्हणाले होते. तेव्हा मला वाटलं, ते कामाविषयी बोलताहेत.

माझ्या मनातला राग कधी सुरू झाला तेही सांगायला हवं. दुसऱ्या वर्षी माझे वडील मला भेटायला आले. खोली उन्हानं तापलेली म्हणून मी त्यांना बागेत नेऊन बाकावर बसवलं आणि पाणी आणायला गेलो. परत आलो तर वकीलसाहेब काठी टेकून पुढं उभे होते.

“ही बाग वसाहतीतल्यांसाठी आहे,” ते वडिलांना म्हणत होते. आवाज चढलेला नव्हता. “रस्त्यावरची माणसं इथं बसायला लागली तर आम्ही गाव कशाला सोडलं?”

“व्हय, व्हय. उठतो की,” वडील म्हणाले आणि खरंच उठले. पटका नीट केला. माझ्याकडे पाहिलंही नाही, मला लाज वाटू नये म्हणून. मी पाण्याचा तांब्या धरून उभाच राहिलो. आजही त्या गोष्टीची आठवण झाली की मी स्वतःलाच माफ करत नाही.

तेवढ्यात पंपाच्या खोलीतून अप्पा आले. “बसा,” ते वडिलांना म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या की. लई वेळ बसलो मी.”

“बसा म्हणतो ना! या बागेच्या आखणीची दोरी मी टाकलीय. तुम्ही बसलाय ती जागा कुणा एकाची नाही.” आणि ते स्वतः वडिलांशेजारी बसले. वकीलसाहेबांकडे बघत राहिले. वकीलसाहेबांनी दुसरीकडे पाहिलं आणि निघून गेले. वडील म्हणाले, “कशाला माझ्यापायी वैर घेता?”

“तुमच्यापायी नाही,” अप्पा म्हणाले. “माझं आधीचंच आहे.”

मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना वकीलसाहेबांनी नवी योजना काढली. बागेच्या अर्ध्या भागात त्यांच्या वडिलांच्या नावानं सभागृह बांधायचं. लग्नं होतील, व्याख्यानं होतील. विहीर बुजवायची, कारण आता नळ आले आहेत. बहुतेकांना ते पसंत होतं. दुष्काळात बागेची निम्मी झाडं गेली होती आणि उरलेल्यांची कुणाला आठवण नव्हती. अप्पा सभासद नव्हते, त्यामुळे त्यांना कुणी विचारलंही नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी, वसाहत दारं लावून झोपली होती तेव्हा, अप्पांनी मला बागेत हाक मारली. दगडी वाटेवर त्यांनी जमीन मोजायची जुनी लोखंडी साखळी, वसाहत आखली तीच, ताणून दोन खिळ्यांत अडकवली होती. शेजारी पोलादी फीत पसरली होती.

“साखळी कुठवर आली ते फितीवर वाच.”

मी वाकून वाचलं. “तेहतीस फूट तीन इंच.”

“पुन्हा वाच.”

“तेहतीस फूट तीन इंच, अप्पा.”

“साखळी तेहतीस फुटांची असते,” ते म्हणाले आणि जमिनीवरच बसले. मला काही समजलं नाही. मग त्यांनी समजावलं. लहान मुलाला समजावतात तसं, हळूहळू. साखळी दगडधोंड्यांतून ओढून ओढून तिच्या कड्या उघडतात आणि ती लांबते. म्हणून ऑफिसच्या आवारात तेहतीस फुटांवर दोन दगड पुरलेले असतात. रोज कामावर निघण्याआधी साखळी त्या दगडांवर धरून तपासायची. हा मोजणीदाराचा पहिला धर्म.

“एका बंगल्याच्या रुंदीला दोन साखळ्या,” ते म्हणाले. “साखळीला तीन इंच, म्हणजे बंगल्याला अर्धा फूट. असे बारा बंगले. किती झाले?”

“सहा फूट.”

“बाराव्या बंगल्याची भिंत सहा फूट बागेत आहे.”

मी पाहत राहिलो. समोरच ती होती. पुरुषभर उंच, दगडी. मेंदी उपटून वसाहतीत पहिली भिंत घातली ती वकीलसाहेबांनी. मग सगळ्यांनी बाजूला भिंती घातल्या; मेंदी उरली ती रस्त्याच्या अंगाला.

“म्हणजे तुम्ही साखळी तपासली नव्हती?”

“तीस वर्षं रोज तपासली. इथलं काम केलं ते चार दिवस तेवढी नाही.”

“का?”

अप्पांनी साखळीची एक कडी बोटांत फिरवली. “शेवटची जागा माझी होती रे. घाई झाली होती मला.”

त्याच पावसाळ्यात दुसऱ्या एका कामाला निघताना त्यांनी साखळी दगडांवर धरली आणि त्यांना चूक कळली. त्यांनी ठरवलं, आपलीच जागा आहे, आपण सहा फूट मागं सरू, कुणाला कळायचंही नाही. आणि त्याच आठवड्यात जागा गेली.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“कशाला सांगू?” अप्पा हसले. मी त्यांना हसताना क्वचितच पाहिलं होतं, आणि ते हसणं मला आवडलं नाही. “त्यानं पाया खणला, मी बघत होतो. भिंत घातली तेव्हा मीच म्हटलं, साहेब, भक्कम करा. देवघर त्याच अंगाला काढलं. म्हटलं, काढ. वर मजला चढवला. म्हटलं, चढव. पिकू देत होतो. आता तो बाग मागतोय. आता पिकलं.”

“बाग वाचवायची म्हणून ना?”

“बागेसाठी असं समज तू. तुला बरं वाटेल.”

“पण अप्पा, लोक म्हणतील तुमची मोजणी चुकली.”

ते साखळी गोळा करत होते. एकेक कडी दुमडत म्हणाले, “ते आहेच की.”

सभा बागेतच झाली, रविवारी सकाळी. कडुलिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. मी काकांना हाताला धरून घेऊन गेलो होतो म्हणून मागं उभा होतो. वकीलसाहेबांचं भाषण झालं. मग अप्पा पुढं आले.

“मला दोन शब्द बोलायचेत.”

“सभासद नसलेल्यांना बोलता येत नाही,” वकीलसाहेब म्हणाले.

“बोलू द्या हो,” कामतसाहेब ओरडले. “नाहीतर परत माझ्या दारात जेवायला बसेल तो!”

सगळे हसले. अप्पा हसणं थांबेपर्यंत थांबले. मग त्यांनी मला सांगितलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं. साखळी, तीन इंच, सहा फूट. “चूक मी केली. पण भिंत बागेत आहे. आधी ती काढा, मग सभागृहाचं बोला.”

मला वाटलं, झालं, आता वकीलसाहेब संपले. मला आनंद झाला होता, ते मी कशाला लपवू?

वकीलसाहेब सावकाश उठले. “अप्पा, तीस वर्षांत एक इंच चुकलो नाही, हे तुमचं वाक्य इथल्या पोरांनाही पाठ आहे. मग आज खोटं बोलताय, की इतकी वर्षं बोलत होता?”

“इतकी वर्षं,” अप्पा म्हणाले.

“ठीक. म्हणजे साखळी खोटी होती. मग एकट्या माझीच भिंत कशी चुकली?” ते सभासदांकडे वळले. “पहिल्या बंगल्याची हद्द अर्धा फूट सरकली. दुसऱ्याची एक फूट. डॉक्टर, तुमची सातवी ना? साडेतीन फूट. तुमचा मोटारीचा खण कुठं येतो बघा. कामतसाहेब, तुमच्या अंगणातली विहीर शेजाऱ्यांच्या हद्दीत जाते. यांचं ऐकायचं तर बाराही भिंती पाडू. बोला, कुणापासून सुरुवात करायची?”

एकच गलका झाला. अप्पा ओरडून सांगत होते, “तुमच्या भिंती तुमच्या तुमच्यात हायत! त्या तुम्ही समजुतीनं ठेवा. शेवटची सगळ्यांच्या जागेत हाय!” ते सोलापुरी बोलीवर आले होते आणि कुणी ऐकत नव्हतं. ठराव लगेच झाला. जुनी मोजणी भरवशाची नाही, सबब आज उभ्या आहेत त्याच भिंती म्हणजे हद्द. सभागृह मंजूर. पंपाची खोली बांधकामाच्या सामानाला लागेल, ती महिनाअखेर रिकामी करावी. डॉक्टरांचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

“सुमन, हात वर करायचा का गं?” काकांनी विचारलं.

“नको,” काकू म्हणाल्या. तेवढा एकच हात खाली राहिला.

अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते महिनाअखेरीच्या सकाळी. त्यांच्या पुतणीचा नवरा शरणप्पा टांगा घेऊन आला होता. तो अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर काम करायचा. सामान एका ट्रंकेत मावलं. अप्पा टांग्यात बसले नाहीत. “तू हो पुढं, फाटकापाशी थांब,” म्हणाले. मी बरोबर चालू लागलो.

“आता काय करणार, अप्पा?”

“सरकारात अर्ज केलाय. नवी मोजणी करा म्हणून.”

“कुणाविरुद्ध?”

“माझ्याविरुद्ध.”

बाराव्या बंगल्याच्या भिंतीपाशी ते थांबले. तिच्यावर तळहात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, “सहा!” अकराव्यापाशी, “साडेपाच!” दहाव्यापाशी, “पाच!” खिडक्या उघडल्या. डॉक्टर व्हरांड्यात येऊन उभे राहिले. मुलं मैदानातून धावत आली. अप्पा कुणाकडे बघत नव्हते. प्रत्येक भिंतीपाशी थांबून, हात लावून, ते आपली चूक त्या त्या घराला ऐकवत गेले. शिव्या दिल्या असत्या तर लोकांना बरं वाटलं असतं. सुमनकाकू फाटकात उभ्या होत्या. त्यांच्यापाशी आवाज जरा खाली आला, “अडीच, वहिनी.” काकूंनी मान हलवली. पहिल्या बंगल्याला, “अर्धा,” म्हणून त्यांनी हात झटकला आणि टांग्यात चढले. मला म्हणाले, “अभ्यास कर, करकंब,” आणि टांगा निघाला.

पुढं मी एम. ए.साठी पुण्याला आलो. काकूंना एक पत्र टाकलं होतं, उत्तर आलं नाही. काका गेल्याचं नंतर कुणाकडून तरी कळलं. अप्पांचा पत्ता मी विचारून ठेवायला हवा होता. तो ठेवला नाही.

यंदाच्या दिवाळीत मोहोळला बहिणीकडे गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. टॉवेलचे गठ्ठे मांडून बसलेल्या माणसानं मला ओळखलं. तो शरणप्पा.

“अप्पा कसे आहेत?” मी विचारलं.

“गेले की. श्रावणात.” त्यानं गिऱ्हाइकाला टॉवेल दिला, हात पुसले आणि मला शेजारी बसायला जागा केली. “झोपेतच गेले. त्रास काही नाही.”

मग त्यानं सगळं सांगितलं. अप्पांच्या अर्जाला दोन वर्षांनी जाग आली. सरकारी मोजणीदार फीत घेऊन वसाहतीत येऊन गेले. मूळ मोजणीदार हयात आहे तर त्याचा जबाब हवा, असं त्यांनी लिहिलं. जबाबाच्या आदल्या दिवशी वकीलसाहेब स्वतः शरणप्पाच्या घरी आले. मागांच्या खडखडाटात, सुताच्या गठ्ठ्यावर बसले.

“काय म्हणाले?”

“वसाहत वाढतीय म्हणे. नव्या जागेतला एक बंगल्याचा तुकडा अप्पाच्या नावावर करतो, लिहून देतो म्हणाले. सभासद पण करतो. फक्त जबाबात एवढंच सांगा, साखळी बरोबर होती, जागाच अर्धा-अर्धा फूट जास्त आखायच्या ठरल्या होत्या. म्हणाले, तुमचं नाव पण ऱ्हाईल, माझं घर पण ऱ्हाईल.”

“मग?”

“आमची बायको दारात उभी. ती खुणेनं म्हणती, हो म्हणा, हो म्हणा. लई दिवस जागा जागा करत होते ना. अप्पा म्हणाले, साखळी चुकली होती साहेब. चूक माझी. भिंत तुमची.” शरणप्पानं पुढचा गठ्ठा सरळ केला. “मग वकील म्हणाले, अहो, तिथं माझं देवघर आहे. तर अप्पा म्हणाले, आधी देव उचला.”

जबाबावर अप्पांनी सही केली. निष्काळजीपणाचा दोष त्यांच्या नावावर सरकारी कागदात लिहिला गेला. बाकीच्या भिंती आपसातल्या म्हणून समजुतीनं राहिल्या; आषाढात बाराव्याची पाडली. देवघर गेलं, वरचा सज्जा गेला. बाग मोजून पुन्हा पुरी करून दिली आणि अर्जामुळं अडलेलं सभागृह बांधायचं राहिलं ते राहिलंच. वकीलसाहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून पाडकाम संपेपर्यंत बसून होते म्हणे. मला हे ऐकून आनंद झाला. वडिलांनी बाकावरून उठून पटका नीट केला होता, ते मला दिसत होतं. या आनंदाची लाज वाटायला हवी असं कुणी म्हणेल. मला वाटली नाही.

“अप्पा गेले होते का बघायला?” मी विचारलं.

“तारीख कळली होती की त्यांना. मी म्हटलं, टांगा आणतो, चला, बसल्या बसल्या बघा. नको म्हणाले.”

“का?”

“मी पण तेच विचारलं. तर म्हणाले, किती वेळा बघू रे? वीस वर्षं रोज सकाळी उठून तीच पडताना बघतोय.”